काळ्या गाडीवरची जाळी: पॉलिश, कोटिंग की आधी फडकं बदलायचं?

इंदूरला रंगपंचमीच्या दिवशी राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते. त्या दिवशी माझी काळी गाडी रामबागेत उभी होती. संध्याकाळी पाहतो तर छतापासून डिकीपर्यंत गुलाल. पाणी आणायचा कंटाळा केला आणि डिकीतल्या कोरड्या फडक्याने पुसून काढला. रात्री पेट्रोल पंपावर छताचे पांढरे दिवे बॉनेटवर पडले, तेव्हा कळलं काय करून बसलो ते. प्रत्येक दिव्याभोवती कोळ्याने जाळं विणलेलं!

ही जाळी खरं तर गोल नसते. मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरा आणि हळूहळू सरकवा. वर्तुळही टॉर्चबरोबर सरकतं. बारीक ओरखडे सगळ्या दिशांना पडलेले असतात, पण उजेडाला आडवे असतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती भोवरा दिसतो. पांढऱ्या गाडीवरही ते असतात, फक्त काळा रंग काही लपवत नाही.

हे ओरखडे असतात सगळ्यात वरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये. कारखान्यातून आलेल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, त्यात क्लिअर कोट ३५ ते ५०. माणसाचा केस ७०च्या आसपास असतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ. पॉलिश म्हणजे हाच थर थोडा घासून ओरखड्याच्या तळापर्यंत आणणं. घासलेलं परत येत नाही, त्यामुळे दरवर्षी दिवाळीला पॉलिश करून घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

बाजारात 'रबिंग-पॉलिश' या एकाच नावाखाली दोन वेगळी कामं विकली जातात. एकात ग्लेझ (ओरखडे भरणारं तेलकट चमक-पॉलिश) किंवा मेण चोळून ओरखडे बुजवतात, दुसऱ्यात ते खरोखर काढतात. बुजवलेली गाडी त्या दिवशी आरशासारखी दिसते. दोन-चार धुण्यांत जाळी परत हजर. गाडी विकायची असेल किंवा घरी लग्न असेल तर ग्लेझ पुरे, स्वस्तही पडतं. ठेवायची असेल तर ते पैसे वाया. पारख सोपी आहे: पॉलिश झाल्यावर पाण्यात पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल मारून एक भाग पुसायला सांगा आणि टॉर्च लावा. ग्लेझचं तेल निघून गेलं की खरं काय ते दिसतं. दुकानदार याला टाळाटाळ करू लागला तर समजून जा.

आता पॉलिशचं मशीन. रोटरी एकाच केंद्राभोवती फिरते. काम भराभर होतं, पण उष्णताही तेवढीच, आणि दाराच्या कडेवर हात जरा रेंगाळला तर क्लिअर कोट उडालाच. डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) मशीन फिरता फिरता डोलतं. वेळ जास्त लागतो, पण धोका कमी. माझ्या गाडीला एका दुकानात रोटरीवर लोकरी पॅड लावून तासाभरात उरकलं. जाळी गेली खरी, पण उन्हात बॉनेटवर झाडूने सारवल्यासारखे पट्टे दिसू लागले. यांना होलोग्राम म्हणतात. ते काढायला पुन्हा डीएवर मऊ पॅडने फिनिशिंग करावं लागलं, म्हणजे थर दोनदा घासला गेला. रोटरी वाईट असं नाही, मुरलेल्या हातात ती उत्तम चालते. पण तो हात तुम्हाला ओळखता येत नसेल तर डीएच मागा.

पॉलिशच्या आधी रंगाची जाडी मोजणारं गेज लावायला सांगा. पुन्हा रंगवलेला भाग लगेच कळतो. प्लास्टिकच्या बंपरवर मात्र साधं गेज चालत नाही, तिथे अंदाजानेच जपून घ्यावं लागतं. सुरुवात हातभर जागेवर, सगळ्यात सौम्य पॉलिशने. नख अडकतं तो ओरखडा पॉलिशने जात नाही. त्याच्या मागे लागू नका.

पॉलिशनंतर वर सिरॅमिक कोटिंग (रंगावर चोळून कडक होणारा द्रव) की पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म), हा प्रश्न हल्ली सगळेच विचारतात. सिरॅमिक घेताना '९एच' ऐकून भुलू नका. तो पेन्सिलच्या कडकपणाचा आकडा आहे, हिऱ्याचा नव्हे. हा थर फार पातळ असतो आणि धुळीतली वाळू त्यावरही ओरखडे काढतेच. फायदा एवढाच की घाण कमी चिकटते, त्यामुळे घासावं कमी लागतं. आणि जाळी न काढता वर सिरॅमिक मारलं तर ती आतच कोंडली जाते. पीपीएफ ही साधारण १५० ते २०० मायक्रॉनची फिल्म. तिच्यावरचे बारीक ओरखडे उष्णतेने आपोआप भरतात, आणि इंदूरच्या मे महिन्यात उष्णतेची काय कमी! मात्र टीपीयू या लवचिक प्लास्टिकचीच मागा. स्वस्त पीव्हीसी फिल्म ओरखडे भरत नाही आणि पिवळी पडते. खर्च सिरॅमिकच्या कितीतरी पट. बायपासवर रोज जाणं-येणं असेल तर बॉनेट, पुढचा बंपर आणि आरसे एवढ्यालाच पीपीएफ आणि बाकी गाडीला सिरॅमिक, हे मला पटतं. गाडी कॉलनीतच फिरत असेल तर दोन्ही नको, वर्षातून दोन-तीनदा हाताने मेण लावा.

पण यातलं काहीही केलं आणि रोज सकाळी कॉलनीतल्या गाड्या पुसणारा भैया तसाच राहिला तर पैसे पाण्यात. एक बादली, एक फडकं, आठ गाड्या. तिसऱ्या गाडीपर्यंत ते पाणी गढूळ होतं आणि फडक्यात माळव्याची काळी माती भरते. पॉलिश पेपरच तो. मी त्याला सांगितलं, "भैया, पैसे तेवढेच देईन, फक्त काचा आणि टायर पुसा." तो माझ्याकडे संशयाने पाहत राहिला. ब्रशवाल्या ऑटोमॅटिक वॉशलाही मी गाडी नेत नाही, त्या ब्रशात आधीच्या गाडीची वाळू असते. नवी गाडी घेत असाल तर शोरूमला आधीच बजावा: डिलिव्हरीपूर्वी धुऊ नका, कव्हर काढून तशीच द्या.

घरी धुवायला दोन बादल्या लागतात, एक शॅम्पूची, एक मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) खळखळून काढायला. आधी नुसत्या पाण्याच्या धारेने धूळ खाली जाऊ द्या, मग वरून खाली धुवा. चाकांचं कापड वेगळं. भांड्यांचा साबण मेण उतरवतो, तो नको. पुसायला जाड मायक्रोफायबर, घासायचं नाही, नुसतं टेकवून पाणी टिपायचं. कापड जमिनीवर पडलं तर त्या दिवसापुरतं टायरला द्या.

आणि पाणी कुठलं तेही बघा. बोरिंगचं जड पाणी उन्हात वाळलं की काळ्या रंगावर पांढरे डाग सोडतं, आणि ते राहून गेले तर क्लिअर कोटला खातात. म्हणून सावलीत धुवायचं, आणि नर्मदेचा नळ येतो त्या दिवशी एक बादली शेवटच्या धारेसाठी बाजूला काढून ठेवायची.