पिन तुम्हीच टाकली ना?

५,९८० रुपये गेले. अकूस्टिक गिटारच्या ब्रिजच्या पिना, म्हणजे गिटारच्या अंगावरच्या लाकडी पट्टीतल्या भोकांत तारांची टोकं अडकवणाऱ्या छोट्या खुंट्या. चार सेट, एकूण चोवीस नग. हाडाच्या म्हणून घेतल्या आणि निघालं प्लास्टिक. म्हणजे एका प्लास्टिकच्या खुंटीला जवळपास २५० रुपये.

सापळा नेहमीचाच होता. ऑनलाइन बाजारात भाव १,६५० रुपये सेट, डिलिव्हरी फुकट. चॅटमध्ये विचारलं की विक्रेता लगेच, "सर, इथे कमिशन कापतात, थेट घ्या, १,४५० ला देतो." चार सेटचे ५,८००, वर कुरिअरचे १८०. आठशे वाचले म्हणून खूश होणाऱ्याने कुरिअर धरलं असतं तर ६२०च वाचले होते हे तरी कळलं असतं. माल संभलचा आहे असंही त्याने सांगितलं. उत्तर प्रदेशातल्या संभलला हाडा-शिंगाचं काम खरोखरच मोठं चालतं, त्यामुळे थाप पचली. तिथल्या कारागिरांचा यात काही दोष नाही.

आता जे आठवलं की अजून कानशिलं तापतात ते सांगतो. पैसे पाठवण्याआधी त्याच माणसाने स्वतः फोटो पाठवला होता: सहा पिना सोनाराच्या छोट्या काट्यावर, शेजारी पट्टी. काट्यावर स्वच्छ आकडा होता, ३.१ ग्रॅम. सहा पिनांचे ३.१ ग्रॅम! हाडाचा सेट साडेपाच-सहा ग्रॅमच्या आसपास भरतो. एबीएस प्लास्टिकची घनता १.०५, हाडाची १.९ ते २. आकार तोच म्हटल्यावर हाडाचं वजन प्लास्टिकच्या जवळजवळ दुप्पट यायलाच हवं. एबनी या काळ्या लाकडाचा सेट प्लास्टिकच्याच आसपास, तीन ग्रॅम. पितळेचा वीस ग्रॅमच्या वर. हे सगळं तोंडपाठ असताना फोटोत बघितलं काय, तर पट्टीवरची लांबी २८ मिलिमीटर आहे की नाही, आणि रंग! रंग छान होता, चहात उकळल्यासारखा पिवळट, मध्ये बारीक काळे ठिपके. असा रंग बघून कोणीही फसला असता, असं मी स्वतःला रोज समजावतो. पण ठिपके सहाही पिनांवर एकाच जागी होते. हाडात खऱ्या रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्या असतात, भिंगाखाली त्या आडव्या कापात टिंबं आणि उभ्या कापात रेघोट्या दिसतात, आणि दोन पिना कधीच सारख्या नसतात.

माल हातात आला तेव्हा टोकापासून डोक्यापर्यंत दोन्ही बाजूंनी साच्याची बारीक शिवण नखाला लागली. तरी खात्री म्हणून मिठाचं पाणी केलं. साधं पाणी इथे कुचकामी आहे, एबीएस त्यातही बुडतं. पाव पेला पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घालत राहा, पिनेला चिकटलेले बुडबुडे झटका. हाड सरळ तळाला जातं. या चोवीसच्या चोवीस वर तरंगत राहिल्या. उलट पिन बुडाली म्हणून ती हाडाचीच, असंही समजू नका. भुकटी मिसळलेलं रेझिनही बुडतं, तिथे भिंगच हवं. तापलेली सुई शेवटचा उपाय, आणि तीही टोकाला लावा, डोक्याला नाही: प्लास्टिक वितळतं, हाड वितळत नाही, त्याला केस जळाल्यासारखा वास येतो.

एबनीत वेगळी लबाडी चालते. साधं पांढरट लाकूड काळं रंगवून देतात. स्पिरिटचा बोळा फिरवला आणि काळा झाला एवढ्यावरून ठरवू नका, खऱ्या एबनीलाही रंगाचा हात देतात. टोक ब्लेडने किंचित खरवडा; आत पांढरं दिसलं की परत करा. पितळेला लोहचुंबक लावून लोक निर्धास्त होतात. जस्ताच्या ओतीवालाही चुंबक धरत नाही. टोकावर कानस एकदा फिरवा, पिवळं राहिलं तर पितळ, राखाडी चमक आली तर मुलामा.

हस्तिदंताच्या पिना म्हणून कोणी काही दाखवलं तर हातही लावू नका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, त्यात फसवणूक झाली तर तक्रार करायलाही तोंड राहणार नाही.

दुसरा घोळ उताराचा, म्हणजे पिन टोकाकडे किती निमुळती होते त्याचा. मागितला होता ५ अंशांचा, आला ३ अंशांचा. ५ अंशांच्या भोकात ३ अंशांची पिन खाली अडकते आणि वर डोक्यापाशी डुगडुगते. उलट केलं तर वर घट्ट आणि खाली मोकळी. पेन्सिलीचं शिसं पिनेला चोळा, भोकात बसवून अर्धा वळसा द्या, बाहेर काढून बघा: शिसं पूर्ण लांबीवर घासलं गेलं तरच पिन बसली. ठोकून बसवू नका, ब्रिजला भोकांच्या ओळीत चीर जाते. आणि तारेचा बॉल, म्हणजे तिच्या टोकाची धातूची गोळी, पिनेच्या टोकावर टेकता कामा नये. पिन दाबताना तार वर ओढा, बॉल गिटारच्या आत ब्रिजखाली असलेल्या लाकडी पट्टीला, ब्रिज प्लेटला, जाऊन टेकला पाहिजे. मऊ प्लास्टिकमध्ये तार खाच पाडते, बॉल तिथे अडकतो, पिन उडते आणि पुढे प्लेटचं भोक कुरतडलं जातं. म्हणून ही फसवणूक फक्त पैशांची नाही. आवाजात मात्र हाड आणि बऱ्या प्लास्टिकमधला फरक इतका थोडा आहे की १,४५० रुपये देण्याजोगा तो नव्हताच, हेही आता कबूल करतो.

मग तक्रारी. ऑनलाइन बाजाराची पोच ४८ तासांच्या आत आली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तसं बंधनच आहे. मजकूर एवढाच: व्यवहार आमच्याकडे झाला नाही, तक्रार बंद. बँकेत गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "पिन तुम्हीच टाकली ना?" मी म्हटलं, पिनांचीच तक्रार आहे. त्या म्हणाल्या, "मग ती कोणाला सांगितली होती का?" दहा मिनिटं आम्ही दोघं वेगवेगळ्या पिनांबद्दल बोलत होतो. शेवटी छापील उत्तर मिळालं की खातेदाराने स्वतः मंजूर केलेला व्यवहार फसवणुकीत मोडत नाही. चौकीवर हवालदारांनी एक पिन बोटांत फिरवून पाहिली. "काय हो साहेब, पाच हजार नऊशेऐंशीच्या टाचण्या?" शेजारचे दोघे हसले. अर्ज घेतला, शिक्का दिला नाही. दुसऱ्या खेपेला अर्ज सापडत नव्हता. तिसऱ्या खेपेला सांगितलं, माल तर मिळालाय ना, मग हे दिवाणी प्रकरण, ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही हे खरं, पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. माझ्याकडे काय, एक यूपीआय आयडी आणि आता बंद असलेला नंबर. पक्कं बिल आधी मागा. जो बिल देत नाही त्याला यूपीआय देऊ नका, आणि पार्सल फोडतानाचं चित्रण एका सलग तुकड्यात करा, मी केलं नव्हतं.

परवा पुन्हा त्याची यादी पाहिली. भाव तोच, फोटोही तोच, फक्त खालून कापलाय. काटा दिसतो, आकडा दिसत नाही.