ग्लेनकोलमकिलचं लोकग्राम: आईला घेऊन गेले होते

आयर्लंडमधल्या डनिगॉल परगण्याच्या पार पश्चिम टोकाला, समुद्राकडे तोंड करून बसलेली ही गवताच्या छपरांची घरं. लेटरकेनीहून गाडीने दीड-पावणेदोन तास, त्यात शेवटचा रस्ता अरुंद, समोरून मेंढ्या. साताऱ्याहून आलेली आई वाटेत दोनदा म्हणाली, "अगं, एवढं काय आहे तिथं?"

आत गेल्यावर मात्र तीच हलेना. छप्पर बघून म्हणाली, "हे तर शाकारलंय!" फरक एवढाच, की अटलांटिकच्या वाऱ्याने उडू नये म्हणून इथे छपरावरून दोर घेऊन भिंतीतल्या दगडी खुंट्यांना बांधतात. एकेक घर वेगळ्या काळातलं: अठरावं, एकोणिसावं, विसावं शतक. चुलीतल्या पीटच्या (दलदलीतून कापून वाळवलेलं मातीसारखं जळण) धुराचा वास माझ्या स्वेटरला घरी येईपर्यंत येत होता. आईने टांगलेल्या काळ्या किटलीला हात लावून बघितलाच. (लावू नका, गरम असते.)

हे सरकारी संग्रहालय नाही. तरुण पोरं गाव सोडून परदेशी निघाली होती, तेव्हा इथले पाद्री फादर जेम्स मॅकडायर यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून 1967 साली हे उभं केलं. आमच्याशी बोलणारी बाई गावातलीच. 1840च्या दशकात बटाट्याचं पीक सडून पडलेल्या दुष्काळाबद्दल सांगताना तिचा आवाज खाली आला. मी आईसाठी भाषांतर करत होते, तेवढं मला नीट जमलं नाही.

पाचात साडेचार. अर्धा वाऱ्यामुळे कापला. जूनमध्येही कानटोपी न्या, आणि हिवाळ्यात जाणार असाल तर आधी उघडं आहे का बघा.