फुटबॉल खेळताना डोक्याला बांधायची पट्टी: घ्यावी का?

कपाळ, कानशिले आणि डोक्याची मागची बाजू झाकणारी, आत फोम असलेली आणि वेल्क्रोने आवळता येणारी ही पट्टी मी म्हापशातील एका क्रीडासाहित्याच्या दुकानातून भाचीसाठी घेतली. ती फोंडा तालुक्यातील शाळेच्या संघात बचावफळीत खेळते. हेडरसाठी, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्यासाठी, एकाच वेळी उडी घेतलेल्या दुसऱ्या मुलीचे डोके लागून तिची भुवई फाटली, टाके पडले आणि घरात खेळ बंद करण्याचा विषय निघाला, तेव्हा मधला मार्ग म्हणून ही खरेदी झाली. किंमत पंधराशे रुपयांच्या घरात आहे. "ही बांधून पाठवा, डोक्याची काळजीच मिटली," असे दुकानदाराने सांगितले आणि वेष्टनावरील मजकुराचा सूरही तोच आहे. मला मुख्यतः त्या आश्वासनाबद्दल लिहायचे आहे.

वस्तू म्हणून पट्टी चांगली आहे. शिवण पक्की आहे, वजन जाणवत नाही आणि मागे वेणीसाठी मोकळी जागा असल्याने मुलींना ती सोयीची पडते. मात्र सड्यावरच्या मैदानातील तांबडी माती वेल्क्रोच्या आकड्यांत जाऊन बसते आणि पकड सैल होते. जुन्या टूथब्रशने ती काढत राहावी लागते. पावसाळ्यातील दमट हवेत फोम आतून लवकर सुकत नाही व कुबट वास धरतो, म्हणून पट्टी पंख्याखाली उलटी टांगावी. फुटबॉलच्या चौथ्या नियमानुसार मऊ व हलक्या साहित्याचे डोकेसंरक्षक चालते, तरी सामन्याआधी पंचांना दाखवलेले बरे.

कातडी फाटणे, टेंगूळ येणे, जुन्या टाक्यांवर पुन्हा मार बसणे यांपासून पट्टी बऱ्यापैकी वाचवते. मेंदूचे गणित वेगळे आहे. कवटीच्या आत मेंदू द्रवात तरंगत असतो. डोके एकाएकी थांबले किंवा गर्रकन वळले की कवटी थांबते, मेंदू मात्र हलत राहतो आणि त्याच्या नाजूक तंतूंना ताण बसतो. बाहेरचा फोम कपाळावरचा मार पसरवतो, पण मान झटक्याने फिरते ती त्याला रोखता येत नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात अडीच हजारांहून अधिक शालेय फुटबॉलपटूंचा अभ्यास झाला, तेव्हा अशी संरक्षक पट्टी घातलेल्या आणि न घातलेल्या संघांत कन्कशनच्या, म्हणजे मेंदूला बसणाऱ्या हादऱ्याच्या, प्रमाणात फरक आढळला नाही. दुकानात मात्र गोलरक्षक पीटर चेकचे उदाहरण पुढे केले गेले. 2006 मध्ये चेकच्या कवटीचे हाड मोडले होते आणि पुढे निवृत्त होईपर्यंत तो टोपी घालून खेळला, हे खरे आहे. पण ती टोपी मोडलेले हाड सांभाळण्यासाठी होती.

ज्यांनी खेळ सोडला त्यांची उदाहरणे मला अधिक महत्त्वाची वाटतात. इंग्लंडमधील हल सिटी क्लबच्या रायन मेसनची कवटी जानेवारी 2017 मध्ये चेल्सीविरुद्धच्या सामन्यात डोक्यावर डोके आदळून मोडली आणि वैद्यकीय सल्ल्यावरून त्याला 2018 मध्ये, वयाच्या 26व्या वर्षी थांबावे लागले. अमेरिकन फुटबॉल या वेगळ्या खेळातील ख्रिस बोरलँड तर पहिलाच व्यावसायिक हंगाम उत्तम गेल्यावर, 24व्या वर्षी, 2015 मध्ये आपणहून बाहेर पडला. वारंवार बसणाऱ्या हादऱ्यांतून जडणाऱ्या सीटीई या मेंदूविकाराचे खात्रीचे निदान आजही मृत्यूनंतरच्या तपासणीतच होते. आपल्या वाट्याचे किती हादरे झाले आणि आता पुरे, हे जिवंत खेळाडूला कोणी सांगू शकत नाही. अशा स्थितीत वेळीच थांबणाऱ्याला भित्रा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ग्लासगो विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासात स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण इतरांच्या सुमारे साडेतीन पट आढळले. त्यानंतर 2020 मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने प्राथमिक शाळेतील मुलांना सरावात हेडर शिकवू नये, असे मार्गदर्शन दिले. या उपायाला एक पैसाही पडत नाही आणि आपल्याकडील प्रत्येक शाळेला तो उद्यापासून करता येईल.

पट्टीबद्दलची माझी खरी तक्रार इथेच आहे. ती आल्यापासून भाची हवेतील चेंडूसाठी पूर्वीपेक्षा बिनधास्त उडी घेते, आणि विचारले तर म्हणते, "मामा, आता लागतच नाही." कपाळाला लागत नाही, म्हणून ती धोका अधिक पत्करते. त्यात आपल्या गावच्या स्पर्धांमध्ये भोवळ आलेल्या मुलाच्या डोक्यावर बाटलीभर पाणी ओतून "उठ, कांय जावंक ना" (ऊठ, काही झालेले नाही) म्हणत त्याला पुन्हा मैदानात ढकलण्याची सवय अजून आहे. डोक्याला पट्टी दिसली की ही सवय आणखी निर्धास्त होते.

भुवईवर ताजे टाके असतील, किंवा मूल गोलरक्षक असून खांबाला अथवा बुटाला डोके लागण्याची भीती असेल, तर पट्टी जरूर घ्यावी. केवळ कन्कशन टळावे या आशेने पंधराशे रुपये घालू नयेत. उत्पादकांनी वेष्टनावर ठळक मराठीत, कोकणीत आणि इंग्रजीत छापावे: ही पट्टी मेंदूचा हादरा टाळत नाही, डोक्याला मार लागून चक्कर, गोंधळ किंवा डोकेदुखी जाणवली तर त्या दिवशी पुन्हा खेळू नये व डॉक्टरांना दाखवावे, उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा झटके येऊ लागल्यास ताबडतोब 108 ला फोन करावा.