जुना न्यूमॅटिक प्लांटर घेताना माझी फसवणूक झाली, घ्यायच्या आधी हे वाचा

शेतकरी बांधवांनो, पेरणी तोंडावर आलीय आणि जुना प्लांटर बघायला निघाला असाल तर पाच मिनिटं काढून हे वाचा. माझे 1 लाख 65 हजार गेले आणि सहा एकरातली पेरणी बिघडली ती वेगळीच.

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, काळी भारी जमीन, सगळं सोयाबीन, ट्रॅक्टर 39 एचपीचा. साध्या पेरणीयंत्रानं एकरी 30 किलोची पूर्ण बॅग जाते, न्यूमॅटिकमध्ये एकेक दाणा हवेनं प्लेटला चिकटतो आणि मोजून पडतो, बियाणं वाचतं, म्हणून चार ओळींचा जुना शोधत होतो. मे महिन्यात एक व्हिडिओ बघून दुसऱ्या जिल्ह्यातल्या जुन्या औजारांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. मशीनला नवा रंग दिलेला, एकदम चकाचक. मी पहिलाच प्रश्न केला, माझा 39 चा आहे, चालेल का? तर म्हणला, "माऊली, लोक 35 वर चालवतात, वजनच साडेतीनशे किलो आहे फक्त."

मग त्यानं स्वतःच्या 55 एचपीच्या ट्रॅक्टरला जोडून जागेवरच पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा, औजार फिरवणारा शाफ्ट) चालू केला, प्लांटरचं चाक हातानं फिरवून दाखवलं, मक्याचे दाणे टपाटप पडले, व्हॅक्यूमच्या म्हणजे हवेची ओढ दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा 50 वर. मी खूश. प्लांटर जोडायच्या पिना 28 एमएमच्या होत्या आणि माझ्या ट्रॅक्टरच्या लिंकचे (औजार उचलणाऱ्या मागच्या दांड्यांचे) बॉल 22 चे, तर म्हणला काळजी करू नका, लेथवर घासून 22 च्या करून देतो. दिल्या पण. तिथंच मला कळायला पाहिजे होतं, 28 ची पिन म्हणजे कॅटेगरी 2, म्हणजे मोठ्या ट्रॅक्टरचं औजार आहे ते.

घरी येताना दाजी म्हणले वजन करून घे, म्हणून काट्यावर गेलो तर 640 किलो, ते पण डबे रिकामे असताना. लगेच फोन केला, म्हणला काटा चुकीचा असेल.

जूनमध्ये पाऊस चांगला झाला, वापसा आला आणि रानात उतरलो. लिफ्ट उचलली की पुढची चाकं हलकी, धुऱ्यावर वळताना स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जायचा, शेवटी पुढं मातीची पोती बांधली. लिफ्टचा कागदावरचा 1200 किलो आकडा लिंकच्या टोकाला मोजलेला असतो, प्लांटरचं वजन त्याच्या कितीतरी मागं लटकतं, त्यात बियाणं खत भरलं की भार अजून वाढतो. दुसऱ्याच दिवशी घासलेली एक पिन वाकली, मशीन एका बाजूला कलली, नशीब मागं कोणी उभं नव्हतं.

खरं नुकसान तर उगवण झाल्यावर दिसलं. ब्लोअर म्हणजे हवा ओढणारा पंखा नीट चालायला पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांवर टिकला पाहिजे, माझा ट्रॅक्टर ओल्या काळ्या रानात दबायचा, आरपीएम पडायचे, हवेची ओढ कमी झाली की दाणे प्लेटवरून सुटायचे आणि हातहातभर जागा रिकामी राहायची. आणि घड्याळ? इंजिन बंद केलं तरी काटा 50 वरच! अडकवून ठेवलेला होता तो. खोलून बघितलं तर प्लेटमागच्या सीलला खोल चर पडलेले, आणि चारपैकी दोन प्लेटा मक्याच्या, सोयाबीनच्या नाहीतच. सोयाबीनला 5 सेंटीमीटरवर दाणा पाहिजे, मक्याच्या प्लेटला भोकंच कमी असतात. प्लेटा मी मोजून घेतल्या नाहीत, ती माझी चूक.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. माझ्या मागच्या चाकांचं मधलं अंतर 52 इंच, आणि 45 सेंटीमीटरवर चार ओळी धरल्या तर बाहेरच्या दोन्ही ओळी बरोब्बर चाकाच्या मागातच येतात. ओल्या रानात तिथं माती दाबली गेली, वर पापडी धरली, त्या ओळी सगळ्यात खराब उगवल्या. दोन एकर दुबार पेरावं लागलं.

परत गेलो तर म्हणला, "तुमचा ट्रॅक्टरच कमजोर आहे." हेच मी पहिल्या दिवशी विचारलं होतं ना! पावतीवर नुसतं 'जुने औजार' लिहिलेलं, मॉडेल नाही, नंबर नाही, आणि मशीनवरची नंबरची पट्टी तर काढूनच टाकलेली, रंगाखाली रिव्हेटची भोकं दिसतात. ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार दिलीय, पण माझ्याकडं दाखवायला ती पावती, काट्याची चिठ्ठी आणि फोटो एवढंच आहे. बोलणं सगळं तोंडी झालं होतं.

तुम्ही बघायला जाल तर स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन जा, भाडं लागलं तरी चालेल, स्वतःचं बियाणं न्या, आणि रानात 10 मीटर चालवून माती उकरून एका ओळीतले दाणे मोजा, 5 सेंटीमीटरनं 200 च्या आसपास निघाले पाहिजेत. पैसे द्यायच्या आधी वजनकाट्यावर न्या. तो नाही म्हणला तर तिथूनच परत फिरा.

प्लांटर अजून आखाड्यावर झाकून ठेवलाय. दोघं जण बघायला येऊन गेले, दोघांचे पण 40 च्या आतले, त्यांना काट्याची चिठ्ठी दाखवली, वाकलेली पिन हातात दिली आणि नको घेऊ म्हणून सांगितलं.