प्रिझमिचच्या मागे लागायचं तर लाइव्ह स्कोअर बरा की स्ट्रीम?

भाच्याने परवा फोनवर विचारलं, "मामा, तुझा तो प्रिझमिच मलाही फॉलो करायचाय. लाइव्ह स्कोअरवर भागतं का, की स्ट्रीमच लावू?" तिथल्या तिथे मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. टेनिसमधलं चॅलेंजर (मोठ्या दौऱ्याच्या खालच्या पायरीवरची स्पर्धा) काय असतं, ड्रॉ (कोण कोणाशी खेळणार त्याचा तक्ता) कसा वाचायचा, एवढं ठाऊक आहे असं धरून चालतो.

टेनिसपटू दिनो प्रिझमिच क्रोएशियातल्या स्प्लिटचा, २००५ चा जन्म. जून २०२३ मध्ये त्याने पॅरिसला मुलांचं फ्रेंच ओपन जिंकलं, तेव्हापासून मी त्याच्या मागे आहे. क्रोएशियाचं वेड मात्र त्याआधीचं. २०१८ च्या जानेवारीत तिथलाच मारिन चिलिच पुण्यात बालेवाडीला खेळायला आला होता. उपांत्य फेरीत फ्रान्सच्या जील सिमोनकडून हरला, पण त्याची सर्व्हिस जवळून बघितली आणि मी कामातून गेलो.

ज्युनिअर ग्रँड स्लॅमचं कितीही कौतुक झालं तरी मोठ्यांच्या क्रमवारीत त्याचा एकही गुण मिळत नाही. आदल्याच वर्षी मुलांचं विम्बल्डन जिंकणारा मिली पोलिचाकही क्रोएशियाचाच. नाव ऐकलंयत का? म्हणजे कप घरी ठेवून पोरांना पुन्हा खालूनच चढावं लागतं. अगदी तळाच्या, एकूण १५ हजार डॉलर बक्षिसाच्या स्पर्धेत आठवडाभर जिंकत राहिलं तर विजेत्याला १५ गुण. त्याच्या वर चॅलेंजर, तिथे स्पर्धेच्या पातळीनुसार विजेत्याला ५० पासून १७५ पर्यंत. हा सगळा प्रवास टीव्हीच्या नजरेबाहेर होतो, म्हणून ही निवड करावी लागते.

आधी स्कोअरबद्दल, कारण पहिलं वर्षभर मीही तेच केलं. उन्हाळ्यात क्रोएशिया आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो. तिकडे अकराला सुरू झालेला सामना आपल्याकडे अडीचला, ऐन कामाच्या वेळेत. मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून एक सेट सहज उरकतो. डेटा फारसा लागत नाही, बॅटरी टिकते, शेजारच्याला पत्ता लागत नाही. शिवाय आठ कोर्टांवरचे आठ सामने एका नजरेत दिसतात. हे काही कमी नाही. स्पर्धा अगदीच लहान असेल तर प्रत्येक कोर्टावर कॅमेरा असेलच असं नाही, तेव्हा स्कोअरशिवाय गत्यंतरच नसतं.

खटकतं ते एवढंच की बऱ्याच ॲपवर आकड्याशेजारी सट्ट्याचे भाव चिकटलेले असतात. या लहान स्पर्धांचा गुणागणिक स्कोअर सट्टेवाल्या कंपन्यांना लागतो, म्हणून तो विकला जातो. टेनिसमधल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीने २०१८ मध्ये सांगितलं होतं की निदान १५ हजार डॉलरच्या स्पर्धांपुरती तरी ही विक्री थांबवा. असो, तो वेगळा विषय.

माझं मन फिरलं ते आकडा थांबल्यामुळे.

स्कोअर येतो कुठून, तर खुर्चीवरच्या पंचाच्या हातातल्या टॅबलेटवरून. पंचाने बटण दाबलं नाही तर आपल्याकडे काहीच हलत नाही. एका रात्री ४-५, ३०-४० वर स्कोअर थिजला. सेट पॉइंट, म्हणजे आणखी एक गुण गेला की सेट गेला. मी बाल्कनीत उभा. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पाऊस आला? पाय मुरगळला? पंच खाली उतरून मातीवरचा चेंडूचा ठसा बघतोय? की आमचंच वायफाय झोपलं? बायकोने आतून विचारलं, "कोणाच्या फोनची वाट बघताय?" काय सांगणार! वीस-बावीस मिनिटांनी एकदम ०-१, दुसरा सेट. म्हणजे पहिला गेला. मधे नक्की काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

एरवी ही चिडचिड मी गिळली असती. पण २०२४ मध्ये प्रिझमिच दुखापतीमुळे बराच काळ बाहेर होता. त्यानंतर थांबलेला आकडा बघितला की पोटात गोळा येतो. अशा पोराच्या बाबतीत गुण कोणाला गेला यापेक्षा तो उठून कसा चालतोय हे बघायचं असतं, आणि ते स्कोअर सांगत नाही.

स्ट्रीमवर ते दिसतं. चित्र कसलं म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी कोर्टामागे उंच लावलेला एकच कॅमेरा, रीप्ले नाही, समालोचन नाही. पलीकडच्या बाजूचा चेंडू नुसता अंदाजाने बघायचा. पण गुण संपल्यावर कॅमेरा तिथेच असतो, हीच त्यातली गंमत. टीव्हीवर त्या वेळात रीप्ले नाहीतर जाहिरात लागते. इथे खेळाडू टॉवेलकडे जाताना दिसतो, रॅकेटच्या तारा बोटाने सरळ करतो, कोचच्या बाजूला बघून हात उडवतो. आवाज खोलीत घुमावा तसा येतो आणि मधूनच शेजारच्या कोर्टावरची टाळी ऐकू येते. वीस मिनिटं खेळ थांबला तरी डोक्याला घोर नाही, कारण ताडपत्री ओढणारी माणसं समोर दिसत असतात.

दोन्ही एकदम लावावं, असं तुम्ही म्हणाल. करून बघितलं. स्ट्रीम स्कोअरच्या बरीच मागे असते. तो सर्व्हिससाठी चेंडू आपटतोय आणि इकडे फोन थरथरून सांगतो, गेम गेला. त्यामुळे नोटिफिकेशन बंद करावीच लागतात.

माझं मत थोडं पक्षपाती असेल, कारण त्याच्या चांगल्या दिवसांतला सर्वांत चांगला दिवस मी बघितलाय, वाचलेला नाही. १४ जानेवारी २०२४, रविवार, भोगी. पात्रता फेरीतून आलेला अठरा वर्षांचा प्रिझमिच मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये जोकोविचसमोर. दुसरा सेट त्याने टायब्रेकवर घेतला तेव्हा माझ्या ताटात बाजरीची भाकरी तशीच वाळत पडली होती. सामना हरला, पण चार तास खेळला. स्कोअर वाचला असता तर २-६, ७-६, ३-६, ४-६ एवढंच हाती लागलं असतं.

ज्याला चार-पाच खेळाडूंवर नजर ठेवायची आहे, किंवा ज्याच्या ऑफिसात भिंतीलाही डोळे आहेत, त्याने स्कोअरवरच राहावं, त्यात कमीपणा नाही. एकाच पोरावर जीव जडला असेल तर मात्र मी स्ट्रीमच म्हणेन. भाच्याला सुरुवात रविवारच्या पात्रता फेरीपासून करायला सांगितलंय. कोर्ट कुठलं मिळालंय तेवढं आदल्या रात्री बघून ठेव, म्हटलं. आणि "नंतर लगेच" (म्हणजे आधीचे सामने संपतील तेव्हा) असं लिहिलेला तिसरा सामना असेल तर आधी जेवून घे.