दगडी भिंतीवरचा स्प्रे पेंट काढून देणारे मिस्त्री, सातारा : आमचा अनुभव

पाचपैकी पाच स्टार देतेय आणि जरा सविस्तर लिहितेय, कारण आम्हाला गरज पडली तेव्हा धड माहिती कुठेच मिळाली नव्हती.

आमच्या घराची रस्त्याकडची कंपाउंड वॉल काळ्या दगडाची आहे, सासऱ्यांनी १९८४ ला बांधून घेतलेली, टाकीने घडवलेला दगड आणि मधे सिमेंटचा दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत भरतात तो माल, भरलेला. फेब्रुवारीत एका सकाळी दूध घ्यायला गेट उघडलं तर भिंतभर लाल स्प्रेने एका मुलीचं नाव, खाली विल यू मॅरी मी आणि एक मोठा बदाम. नाव ओळखीचं नाही, लिहिणारा कोण तेही माहीत नाही. समोरच्या गल्लीत क्लासेस आहेत, त्यामुळे आठ वाजेपर्यंत पोरं गाड्या थांबवून फोटो काढायला लागली.

ह्यांनी घरातला थिनर आणि फडकं घेऊन घासायला घेतलं आणि तिथेच चुकलं, थिनरने रंग विरघळून पसरतो, दगडावर टाकीचे जे घाव असतात त्यात जाऊन बसतो आणि दर्जा तर तो पिऊनच टाकतो. बदामाच्या जागी हातभर गुलाबी डाग झाला.

दुपारी एक मुलगी आली, तोंडाला स्कार्फ बांधलेला, गाडी चालूच. "काकू, हे कधी पुसणार?" एवढंच विचारलं. मी म्हटलं आजच. ती गेली, मी नाव वगैरे काही विचारलं नाही. पण तेव्हापासून मला भिंतीपेक्षा त्या नावाचीच घाई झाली.

२०१८ मधे पिंपळे सौदागरला एका मुलाने मैत्रिणीची माफी मागायला तिच्या आडनावाचे ३०० च्या आसपास फ्लेक्स लावले होते, आठवत असेल. तेव्हा आपण सगळ्यांनीच ते फोटो फॉरवर्ड केले, मी पण केले. त्या मुलीला कसं वाटलं असेल हा विचार मला तेव्हा शिवलाही नव्हता, आता मनातून जात नाही. लग्नाचं विचारायचंय ना, मग समोर बसून विचार की रे बाबा, तिला नाही म्हणायची जागा तरी राहू दे.

पोवई नाक्यावरच्या एका पेंटच्या दुकानातून मिस्त्रींचा नंबर मिळाला. फोनवर पहिला प्रश्न, दगड का प्लास्टर? दुसरा, काही लावलं का त्याला? थिनरचं सांगितलं तर रागावले नाहीत, म्हणाले आता पाणीसुद्धा मारू नका. पाचला आले. मी मुलीचं सांगितलं तर लगेच म्हणाले, "ताई, आधी नाव काढतो, बाकीचं उद्या."

नावावर जेलसारखा पेंट रिमूव्हर ब्रशने जाड थापला, वर प्लास्टिकचा कागद लावला म्हणजे वाळत नाही, अर्ध्या तासाने रंग सुरकुतून उचलला गेला. मग लाकडी पट्टीने खरवडला आणि नायलॉनच्या ब्रशने घाव घाव साफ केले. तारेचा ब्रश अजिबात वापरला नाही, त्याचे कण दगडात राहतात आणि पावसाळ्यात गंजाचे डाग उठतात. ऍसिडलाही साफ नाही म्हणाले, ऍसिड दर्जा खातं. अंधार पडला तसं पोराला मोबाईलचा टॉर्च धरायला लावून शेवटचं अक्षर काढलं, तोवर साडेसात वाजले होते. उरलेलं दुसऱ्या दिवशी, आणि दोन सांध्यांतला दर्जा पार रंगला होता तो खरवडून नवीन भरला.

दोन दिवसांचे ३८०० घेतले, मालासकट. आधी सांगितले तेवढेच.

पोलिसात का नाही गेलात असं बऱ्याच जणांनी विचारलं. कायदा आहे, मालमत्ता विद्रूपणाचा १९९५ चा, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. पण तक्रारीत भिंतीवर काय लिहिलंय ते लिहावं लागलं असतं आणि तिचं नाव परत कागदावर आलं असतं, म्हणून घरात सगळ्यांनी मिळून नको ठरवलं.

बदामाच्या जागी अजून फिकट गुलाबी झाक आहे, उन्हात दिसते. मिस्त्री म्हणालेत पाऊस संपला की परत एकदा जेल लावून बघतो, त्याचे पैसे नकोत. त्यांना जाहीर नाव नकोय म्हणून लिहीत नाही, नाक्यावर दुकानात दगडी भिंतीवाले मिस्त्री म्हटलं की नंबर देतात. फोन संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा कामावर उचलत नाहीत.