ट्रॅक्शन कंट्रोलवर भागेल की मागचा लॉकर घ्यावाच?

फोर बाय फोर घ्यायची ठरलीय पण लॉकरवाली (म्हणजे बटण दाबलं की एका अॅक्सलची दोन्ही चाकं एकत्र जखडणारी) घ्यायची की ब्रेकवाल्या ट्रॅक्शन कंट्रोलवर भागवायचं, इथे बरेच जण अडकतात. मी दोन्ही वापरल्यात, आधीची नुसत्या ट्रॅक्शन कंट्रोलची, आत्ताची मागच्या लॉकरची. लो रेंज वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

खरी गंमत चाक हवेत गेल्यावर. ओपन डिफ, म्हणजे अॅक्सलच्या दोन चाकांत जोर वाटणारा साधा डिफरन्शियल, दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवायचा जोर) देतं, आणि हवेतल्या चाकाला फिरायला लागतो जेमतेम, मग जमिनीवरच्यालाही तेवढाच मिळतो. तिरके खड्डे आले की पुढचं डावं नि मागचं उजवं एकदमच लटकतं, आणि चारही चाकांना ड्राइव्ह असून गाडी जागची हलत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल लटकलेल्या चाकाला ब्रेक लावतं, म्हणजे तिथे खोटा भार तयार होतो आणि तेवढाच टॉर्क पलीकडे पोचतो. आयडिया भारीच आहे, पण त्या अॅक्सलचा अर्धा जोर ब्रेक तापवण्यात जातो ना!

माझं डोकं फिरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. या सिस्टिमला आधी चाक गरगरलेलं दिसावं लागतं, मगच ती जागी होते. एका ओल्या चढावर मागचं चाक घूंऽऽ करून फिरलं, खालून कटकटकट आवाज सुरू झाला, आणि तो ऐकून माझा पाय आपोआप वर. झालं, ब्रेक सुटला, गाडी वीतभर मागे, परत पहिल्यापासून. खरं तर तेव्हा अॅक्सिलरेटर तसाच धरून ठेवायचा असतो, पण गाडी खालून ओरडत असताना पाय दाबून बसणं मला शेवटपर्यंत जमलं नाही, आणि तोवर चाकाने खाली घमेलंभर खड्डा केलेला.

लॉकरला हे वाट बघणं नाही. खडकांच्या आधी थांबून बटण दाबायचं, दिवा लुकलुकत राहिला तर गाडी जरा पुढे घ्यायची म्हणजे लॉकरचे दात एकमेकांत बसतात, आणि मग दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, आयडलवर सुद्धा शांतपणे चढते.

लाड मात्र करावे लागतात. लॉक असताना गाडी वळायला कंटाळते, आडव्या उतारावर चिखल असेल तर दोन्ही चाकं एकदम सुटून मागची बाजू खाली घसरू शकते, आणि पक्क्या रस्त्यावर काढायला विसरलात तर टायर नि अॅक्सल दोघांनाही त्रास. ज्याला बटणं लक्षात ठेवायची नाहीत, बहुतेक कच्चे रस्ते आणि कधीमधी वाळू एवढंच करायचंय, त्याने ट्रॅक्शन कंट्रोलच घ्यावं, वाईट नाहीये. मी मात्र परत मागे जाणार नाही बहुतेक.

आणि घेताना एक बघा, काही गाड्यांत मागचा लॉकर लावला की पुढचं ट्रॅक्शन कंट्रोल बंद पडतं, काहींत चालू राहतं. चालू राहणारी मिळाली तर मग वादच नाही.